खेळाची नोंद : वहीपासून पेनड्राइव्हपर्यंत

एरवी आपण इथे बियाणं, रेशनकार्ड, कर्जाचे हप्ते यांवर बोलतो. आजचा विषय पोरांच्या खेळाचा आहे, तरी तो आपल्या गटाच्या रजिस्टरपासून फार लांब नाही. टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम पोरगं अर्ध्यात सोडून जेवायला येतं, शाळेला जातं, आणि दुसऱ्या दिवशी जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे खेळतं. कुठे थांबलो, किती पैसे जमवले, कोणतं हत्यार मिळालं हे यंत्राला कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. इंग्रजीत त्याला सेव्ह म्हणतात. आपण नोंद म्हणू. ही नोंद कुठे ठेवायची आणि तिची दुसरी प्रत कोणाच्या हातात असायची, याचा इतिहास साधारण चाळीस वर्षांचा आहे.

खेळच तो, गेली नोंद तर गेली, त्यात काय एवढं? असं काही जणी म्हणतील. पण मोठा खेळ पुरा व्हायला पन्नास-साठ तास लागतात, काहींना शंभर. रोज तासभर धरला तरी दोन-तीन महिने झाले. तेवढ्या दिवसांत आपण गोधडी शिवतो. शिवत आणलेली गोधडी कोणी उसवली तर कसं वाटेल, तसं त्या पोराला वाटतं.

आपल्या गावांत हा खेळ आला तो नोंदीशिवायच आला. १९९० नंतरच्या वर्षांत तालुक्याच्या बाजारात, जत्रेत 'टीव्ही गेम' मिळायचा. कोणी त्याला 'व्हिडिओ गेम' म्हणायचं, कोणी 'सामुराई', कारण त्या नावाचं यंत्र आपल्या देशात विकलं जात होतं. दोन रिमोट, आणि वरून खोचायची कॅसेट. कॅसेटवर छापलेलं असायचं '९९९९९९९ इन १', आणि आत खेळ निघायचे मोजून पाच-सहा, तेच ते फिरून फिरून. ही यंत्रं म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या यंत्राची नक्कल होती. मूळ फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानात विक्रीला आलं. त्यातला मिशीवाला मारिओ आपल्याकडच्या पोरांनाही पाठ होता. १९८५ चा तो मारिओचा खेळ नोंद ठेवतच नव्हता. सुरू केला की पहिल्यापासून, आणि संपेपर्यंत यंत्र बंद करायचं नाही. आपल्याकडे भारनियमन. लाईट गेली की शेवटच्या किल्ल्यापर्यंत पोचलेला मारिओ पुन्हा पहिल्या पायरीवर. 'आई, बटण बंद करू नकोस हं' असं सांगून शाळेत गेलेली पोरंही होती, आणि केर काढताना पिन ओढली गेली म्हणून घरात रडारड झाली, असंही घडलेलं आहे.

याचं कारण साधं आहे. यंत्राची जी कामाची मेमरी असते ती विजेवर जगते. वीज आहे तोवर तिला सगळं आठवतं, वीज गेली की कोरी. कॅसेटमधला खेळ पुसला जात नाही कारण तो कारखान्यातच पक्का कोरलेला असतो, पण पक्कं कोरलेलं असल्यामुळेच त्यात नवीन काही लिहिता येत नाही. पुसलं जाणार नाही आणि तरी पुन्हा लिहिता येईल अशी जागा हवी होती, आणि ती स्वस्त हवी होती.

जपानने आधी काढलेला मार्ग आपल्याला अगदी ओळखीचा वाटेल. वही. मे १९८६ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' नावाचा खेळ आला. राजाच्या दरबारात जायचं, राजा तुम्हाला एक मंत्र सांगतो. त्या मंत्राला जपानीत 'फुक्कात्सु नो जुमोन' म्हणतात, म्हणजे पुन्हा जिवंत करणारा मंत्र. वीस अक्षरांचा, काही अर्थ नसलेला. तो वहीत उतरवून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केलं की तीच वीस अक्षरं घालायची, आणि तुमचं सोनं, तलवार, ताकद सगळं परत. यंत्र काहीच लक्षात ठेवत नव्हतं. सगळा हिशेब अक्षरांत गुंडाळून तुमच्याच हाती देत होतं. एक अक्षर चुकलं तर यंत्र मंत्र नाकारायचं, कारण अक्षरं एकमेकांशी ताळा जुळेल अशी बसवलेली असायची. आपल्या आधार नंबराचा बारावा आकडा असाच असतो, पहिल्या अकरा आकड्यांचा ताळा पाहणारा. म्हणून एक आकडा चुकला तर कॉम्प्युटर लगेच नको म्हणतो.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १९८७ मध्ये, या खेळाचा दुसरा भाग आला आणि मंत्र वाढून बावन्न अक्षरांपर्यंत गेला. जपानी लिपीत 'नु' आणि 'मे' ही अक्षरं सारखी दिसतात, 'हा' आणि 'हो' सुद्धा. टीव्हीचं चित्र अंधुक, पोराचं अक्षर वाकडंतिकडं. एक अक्षर चुकीचं उतरलं की आठवड्याभराची मेहनत गेली. म्हणून शहाणी पोरं मंत्र दोनदा उतरवायची. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली ही फार सुंदर जागा आहे. खेळ कंपनीचा, यंत्र कंपनीचं, पण नोंद पोराच्या वहीत, त्याच्या अक्षरात. मैत्रिणीला सांगितली तर तीही त्याच जागेपासून खेळू शकायची. हरवली तर दोष कोणाला द्यायचा नाही, आणि सांभाळली तर कोणाची परवानगी लागायची नाही.

दुसरा मार्ग सेलचा. निन्टेंडोचा 'झेल्डा' हा खेळ फेब्रुवारी १९८६ मध्ये जपानात आला तेव्हा तो लिहिता येणाऱ्या चकतीवर होता. १९८७ मध्ये तोच खेळ अमेरिकेत सोनेरी कॅसेटमध्ये विकला गेला, आणि त्या कॅसेटच्या पोटात घड्याळात असतो तसा एक बटणसेल बसवलेला होता. यंत्र बंद झालं तरी सेल मेमरीला थोडी थोडी वीज पुरवत राहायचा. सोबतच्या पुस्तिकेत सूचना होती की बंद करताना रीसेटचं बटण दाबून धरा, नाहीतर नोंद बिघडेल. 'ड्रॅगन क्वेस्ट'चा तिसरा भाग फेब्रुवारी १९८८ मध्ये आला, तो घ्यायला पोरं शाळा बुडवून रांगेत उभी राहिली. त्यातही सेल होता. वहीची गरज संपली, पण गंमत बघा, कॅसेटच्या आतल्या नोंदीला त्यांनी नाव दिलं 'बोकेन नो शो', म्हणजे साहसाची पोथी. ही पोथी अधूनमधून आपोआप पुसली जायची. तेव्हा एक भेसूर सूर वाजायचा आणि पडद्यावर ओळ यायची. जपानमधल्या त्या पिढीची माणसं आज पन्नाशीला आली, तरी तो सूर विसरलेली नाहीत.

वहीत निदान दोन प्रती करता येत होत्या. सेलवाल्या कॅसेटमध्ये नोंद एकच, आणि ती बंद डबीत.

इथे जरा बाजूची एक गोष्ट सांगतो, कारण ती बायकांची आहे. चंद्रावर पहिल्यांदा माणूस उतरला तो २० जुलै १९६९ रोजी. त्या यानाच्या कॉम्प्युटरची मेमरी अक्षरशः विणलेली होती. बारीक बारीक कड्यांतून तांब्याची तार ओवायची. तार कडीतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. अमेरिकेत वॉल्थम गावातल्या रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात हे काम बायका करत. त्यातल्या कित्येकींचा हात आधी कापडाच्या गिरणीत आणि घड्याळाच्या कारखान्यात बसलेला होता. वीज गेली तरी ती विणलेली मेमरी पुसली जात नव्हती. चूक झाली तर मात्र उसवून पुन्हा ओवावं लागायचं. यंत्राच्या आठवणीचं काम पुरुषांनीच केलं असं कोणी सांगितलं, तर हे सांगायचं.

तर सेलनंतर आलं कार्ड. १९९० मध्ये निओ जिओ या यंत्राने खिशात मावणारं मेमरी कार्ड आणलं. दुकानातल्या मोठ्या यंत्रावर खेळायचं, नोंद कार्डावर घ्यायची आणि घरच्या यंत्रावर पुढे खेळायचं. डिसेंबर १९९४ मध्ये सोनी कंपनीचं प्लेस्टेशन आलं. त्यातले खेळ सीडीवर होते, सीडीवर नोंद लिहिता येत नव्हती, म्हणून कार्ड घ्यावंच लागायचं. त्याची जागा फक्त १२८ केबी, पंधरा खणांत वाटलेली. आज मोबाइलवर येणारा 'शुभ सकाळ'चा एक फोटोसुद्धा बऱ्याचदा त्यात मावणार नाही. पण खेळाची नोंद ती किती असणार? चार आकडे आणि दोन नावं. एखाद-दोन खणांत ती बसायची.

२००० मध्ये प्लेस्टेशन-२ आलं, त्याचं कार्ड ८ एमबीचं. हे यंत्र आपल्या देशात पुष्कळ वर्षं चाललं, आणि शहरांतल्या, तालुक्याच्या गावांतल्या गेम पार्लरमध्ये तासावर मिळायचं. त्याच्यासाठी भारतात खेळही झाले. २००९ मध्ये हनुमानावरचा खेळ आला, 'देसी अड्डा' नावाच्या खेळात कबड्डी आणि विटीदांडू होते, आणि गल्लीतल्या क्रिकेटवरचा एक खेळ मुंबईच्या ट्राइन कंपनीने केला. पार्लरमध्ये कार्ड ज्याचं त्याचं. शर्टाच्या खिशात घेऊन यायचं, खेळून झालं की काढून घरी न्यायचं. गटात प्रत्येकीचं पासबुक प्रत्येकीकडे असतं, तसंच हे.

आता पेनड्राइव्हकडे येऊ. त्याच्या आत जी मेमरी असते तिला फ्लॅश म्हणतात. जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका या इंजिनिअरने ती शोधली आणि १९८४ मध्ये जगापुढे मांडली. क्षणात पुसली जाते म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याने कॅमेऱ्याच्या फ्लॅशवरून नाव सुचवलं. तिच्यात विजेचे कण एका बंद कप्प्यात अडकवून ठेवलेले असतात. वीज गेली तरी कण कप्प्यातच राहतात, म्हणून सेल लागत नाही. या शोधावर जगभर अफाट पैसा उभा राहिला. मासुओकांना मात्र आपल्या वाट्यासाठी कंपनीवर दावा लावावा लागला, आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. ज्याच्या हाताने काम होतं त्याच्या हातात किती पडतं, हा हिशेब जपानातही आपल्यासारखाच दिसतो.

पेनड्राइव्ह ज्या चपट्या खाचेत बसतो ती यूएसबी. तिची पहिली पक्की आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये ठरली. ती घडवणाऱ्यांत इंटेल कंपनीतले अजय भट्ट पुढे होते, आणि त्यांचं इंजिनिअरिंगचं शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालं. गायकवाडांचं बडोदं म्हणजे आपल्यातल्या कित्येकींचं माहेर नाहीतर आजोळ, म्हणून मुद्दाम सांगितलं. खाच आणि फ्लॅश यांना एकत्र आणून २००० साली पेनड्राइव्ह बाजारात आला. सिंगापूरच्या ट्रेक कंपनीने 'थंबड्राइव्ह' विकला, आणि इस्रायलच्या एम-सिस्टिम्सने बनवलेला 'डिस्क ऑन की' डिसेंबर २००० पासून आयबीएमने विकला. जागा ८ एमबी. प्लेस्टेशन-२ च्या कार्डाइतकीच!

मग खेळाच्या नोंदी सरळ पेनड्राइव्हवर का घेऊ नयेत? लोकांनी घेतल्या. ब्रिटनच्या डेटेल कंपनीने प्लेस्टेशन-२ साठी त्याच कामाचा पेनड्राइव्ह आणि सोबत एक सीडी विकली. २००६ मध्ये प्लेस्टेशन-३ आलं, त्यात ही सोय मुळातच होती. साधा पेनड्राइव्ह लावा आणि नोंदीची प्रत घ्या. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स-३६० मध्ये सुरुवातीला स्वतःचंच महागडं कार्ड घ्यायला लावलं. ६ एप्रिल २०१० पासून मात्र १ जीबीपासून १६ जीबीपर्यंतचा कोणताही पेनड्राइव्ह चालू लागला. याच यंत्राच्या बटणाभोवती तांबडे दिवे लागून ते बंद पडायची तक्रार एवढी पसरली होती की २००७ मध्ये कंपनीला त्या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली, आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. यंत्र बिघडलं तरी नोंद वेगळ्या जागी असली तर वाचते, हे लाखो घरांना तेव्हा कळलं.

पण त्याच काळात नोंदींना कुलपंही लागू लागली. प्लेस्टेशन-३ च्या काही खेळांच्या नोंदीची प्रत घ्यायला गेलं की यंत्र नाही म्हणायचं. निन्टेंडोच्या वी या यंत्रावरही काही खेळांचं तसंच. कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. लोक नोंद कॉम्प्युटरवर नेऊन आकडे बदलायचे, शंभर नाण्यांची लाख नाणी करायचे, आणि इंटरनेटवर दुसऱ्यांशी खेळताना लबाडीने जिंकायचे. २००८ मध्ये तर वी यंत्रावर 'झेल्डा'च्या एका खेळाची नोंद अशी बनवली गेली की तिच्यात नायकाच्या घोडीचं नाव भलतंच लांब होतं. यंत्र ते नाव वाचताना गोंधळायचं आणि दारं उघडून द्यायचं, मग त्यावर हवं ते चालवता यायचं. एका घोडीच्या नावाने कंपनीची झोप उडवली. कुलूप लावायला कारण होतं, हे खरं. पण कुलूप लबाडांबरोबर साध्या पोरांच्या नोंदीलाही लागलं, हेही तितकंच खरं.

मार्च २०११ मध्ये सोनीने दुसरा रस्ता दाखवला. नोंद इंटरनेटवरून आमच्या कोठारात ठेवा. वर्गणी भरणाऱ्यांनाच ही सोय. पुढच्याच महिन्यात, एप्रिल २०११ मध्ये, त्या जाळ्यात चोर शिरले. ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती उघडी पडली आणि सेवा तीन आठवड्यांहून जास्त बंद राहिली. ज्यांनी नोंद फक्त तिथे ठेवली होती ते दारात उभे. ज्यांच्याकडे पेनड्राइव्ह होता ते खेळत होते.

तरीही पुढचा काळ कोठारांचाच आला. २०१३ च्या एक्सबॉक्स वनमध्ये पेनड्राइव्हवर नोंद घेण्याची सोयच काढली. ती आपोआप कंपनीकडे जाते, तिला पैसे पडत नाहीत, पण हातात काही येत नाही. २०१७ च्या निन्टेंडो स्विचमध्ये नोंद यंत्राच्या पोटातच राहते, आणि सप्टेंबर २०१८ पासून वर्गणी भरली तर कोठारात ठेवता येते, तीही सगळ्या खेळांची नाही. २०१३ चं प्लेस्टेशन-४ मात्र पेनड्राइव्ह मुकाट्याने घेतं. २०२० चं प्लेस्टेशन-५ निम्मं तसं आणि निम्मं असं. त्यावर जुने चारचे खेळ खेळले तर त्यांची नोंद पेनड्राइव्हवर घेता येते, पाचच्या खेळाची एकटी नोंद उचलून घेता येत नाही. आमचं मत विचाराल तर कोठार वाईट नाही. बँकेतही आपलं खातं आहेच. पण बँक आपल्याला पासबुक देते. पासबुक न देणारी बँक आपल्या गटाने चालवून घेतली असती का?

ज्यांच्या घरी प्लेस्टेशन-४ आहे, कोणा नातेवाइकाने पुण्या-मुंबईहून जुनं म्हणून दिलेलं असलं तरी, त्यांनी हे करावं. आधी पेनड्राइव्हवर लग्नाचे फोटो वगैरे नाहीत ना ते पाहा, कारण यंत्राला तो वाचता आला नाही तर फॉरमॅट करावा लागतो आणि त्यात सगळं पुसलं जातं. फॉरमॅट करताना एफएटी-३२ किंवा एक्सफॅट निवडायचं, एनटीएफएस नको. मग सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप्लिकेशन सेव्ह्ड डेटा मॅनेजमेंट', त्यात यंत्रातल्या नोंदी, त्यात 'कॉपी टू यूएसबी'. हवा तो खेळ निवडायचा. काम संपेपर्यंत पेनड्राइव्ह ओढायचा नाही. परत आणताना एक जपायचं. पेनड्राइव्हवरची नोंद मागच्या महिन्याची आणि यंत्रातली कालची असेल, तर जुनी नव्यावर बसू देऊ नका. यंत्र विचारतं, तेव्हा तारीख वाचा. आणि एका भावाच्या खात्याची नोंद दुसऱ्या भावाच्या खात्यावर चालत नाही, यावरून घरात भांडण लागण्याआधीच सांगून ठेवा. पेनड्राइव्हही अमर नसतो. कप्प्यातले कण वर्षानुवर्षं टिकतात, पण हळूहळू झिरपतात, आणि पुन्हा पुन्हा लिहून तो झिजतो. म्हणून प्रती दोन, आणि दोन वेगळ्या जागी.

आता राहिला जुन्या सेलवाल्या कॅसेटचा प्रश्न. १९९० च्या दशकातल्या त्या खऱ्या कॅसेटींचे बटणसेल एकेक करून संपत आले आहेत. निन्टेंडोच्या हातातल्या गेम बॉयवरचे पोकेमॉनचे खेळ घ्या. १९९९ च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये घड्याळही त्याच सेलवर चालायचं, म्हणून ते लवकर संपले. सेल कॅसेटमध्ये डाग देऊन बसवलेला असतो. तो काढला की मेमरीची वीज तुटते आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची नोंद गेली. म्हणून हौशी मंडळी आधी एका लहानशा वाचक यंत्रात कॅसेट खोचतात, नोंद कॉम्प्युटरवर उतरवून घेतात, तिथून पेनड्राइव्हवर. मग डाग सोडवून नवा सेल बसवतात आणि जुनी नोंद परत कॅसेटमध्ये भरतात. हे सेल संपायच्या आत करावं लागतं. गोधडीखालच्या पेटीत कोणाकडे अशी कॅसेट पडली असेल, आणि यंत्रात घातल्यावर आतलं नाव अजून दिसत असेल, तर अजून वेळ आहे.